एसीच्या कामाला नवीन लागतोय, आधी कुठली टूल घेऊ?

नवाहेल्पर:
कोर्स संपत आलाय, पुढच्या महिन्यापासून एका काँट्रॅक्टरकडे हेल्पर म्हणून लागतोय. ते म्हणाले हातातली टूल तुझी तू आण, मोठं सामान आमचं. आता हातातली म्हणजे नक्की कुठली हे विचारायचं राहूनच गेलं, आणि नेटवर लिस्ट बघावी तर कुणी १५ वस्तू सांगतं कुणी ५०, सगळं घ्यायचं म्हटलं तर सुरू व्हायच्या आधीच दिवाळं. काम बहुतेक स्प्लिट एसीचं, फिटिंग पण आणि सर्व्हिस पण. एक साधा मल्टिमीटर आहे माझ्याकडे, तो चालेल का? आणि मॅनिफोल्ड (गॅसचं प्रेशर बघायचा गेजचा सेट) घ्यायचाच तर थेट डिजिटल घेऊ का?

तांब्याचापाइप:
साधा मल्टिमीटर बाजूला ठेव भाऊ, पहिला खर्च चांगल्या क्लॅम्प मीटरवर (वायरभोवती चिमटा लावून करंट मोजतो तो) कर. त्यावर कॅट थ्री ६०० व्होल्ट (मीटर कुठपर्यंत सुरक्षित त्याचं रेटिंग) लिहिलेलं असलं पाहिजे, ट्रू आरएमएस पाहिजे (इन्व्हर्टर मशीनवर साधं मीटर अँपिअर चुकीचे दाखवतं) आणि कॅपेसिटर मोजायची मायक्रोफॅरडची रेंज पाहिजेच पाहिजे. कारण "थंड करत नाही" म्हणून जी मशीन येतात त्यातली कितीतरी गॅसची नसतातच, कॅपेसिटर (मोटर चालायला मदत करतो तो) गेलेला, काँटॅक्टर (कंप्रेसरची वीज चालू-बंद करणारा स्विच) जळालेला, कॉइल धुळीने भरलेली असली कामं. समज कॅपेसिटरवर ३५ मायक्रोफॅरड अधिक-उणे ५ टक्के छापलंय, म्हणजे ३३.२५ च्या खाली गेला की तो बदलायचा, मीटरवर २८ दिसले तर पुढे गेज लावायची गरजच नाही. पण मोजायच्या आधी सप्लाय बंद आणि कॅपेसिटर रेझिस्टर लावून डिस्चार्ज, स्क्रू ड्रायव्हरने ठिणगी काढायची हौस नको. इन्व्हर्टरच्या आउटडोअर पीसीबीवर तर मेन बंद केल्यावर सुद्धा ३०० च्या वर डीसी व्होल्ट काही मिनिटं टिकून असतात, मीटरने खाली आलेले बघ आणि मगच हात घाल.

नवीन पोरं गेज आधी घेतात कारण गळ्यात गेज असला की मेकॅनिक दिसतो 😀

फ्लेअरवाला:
मीटरचं पटलं, पण हा हेल्पर म्हणून चाललाय आणि हेल्परला पहिले काही महिने पाइपच देतात हातात, मीटर उस्ताद धरणार. म्हणून मी म्हणेन फ्लेअरिंग टूलवर (नट बसावा म्हणून पाइपचं तोंड फाकवतं ते) पैसे टाक, एक्सेंट्रिक म्हणजे मध्यापासून सरकलेल्या कोनवालं आणि क्लच असलेलं, जे पूर्ण दाबलं गेलं की कट्कन सुटतं. जुन्या सरळ दांड्याच्या टूलने फ्लेअर होतो, नाही असं नाही, पण हात बसेपर्यंत एक जाड एक पातळ. सोबत छोटा आणि मोठा असे दोन कटर आणि डीबरर (कापलेल्या कडेचा कीस काढणारा). डीबरर मारताना पाइपचं तोंड खाली धरायचं म्हणजे कीस आत पडत नाही, आत गेला की तो फिरत फिरत एक्सपान्शन व्हॉल्व्हपर्यंत (गॅसचं प्रेशर उतरवणारा बारीक व्हॉल्व्ह) जातो आणि मग बसा शोधत. आणि नट आधी पाइपात घाल मग फ्लेअर मार, हे सांगावं लागतं!

टॉर्क रेंच (ठरावीक जोरानेच नट आवळणारा पाना) सुरुवातीला महाग वाटेल पण घे. पाव इंची नटला साधारण १४ ते १८ न्यूटन मीटर, तीन अष्टमांशला ३४ ते ४२, बाकी मशीनच्या मॅन्युअलमध्ये असतं. अंदाजाने आवळणारे एक तर ढिला ठेवतात नाहीतर फ्लेअर चिरडतात.

नवाहेल्पर:
मस्त माहिती दोघांची. मग गेज आणि व्हॅक्युम पंप (पाइपातली हवा आणि ओल ओढून काढणारा) आत्ता नाहीच घेतला तर चालेल ना?

मायक्रॉन५००:
पंप त्यांचा वापर, मोठं सामान त्यांचं हे तेच म्हणालेत. नंतर घेशील तेव्हा टू स्टेज घे आणि तेल बदलत जा, तेल दुधाळ झालं की त्यात ओल गेलीय असं समज, तो पंप मग नुसता आवाज करतो. गेजचं म्हणशील तर साधा अ‍ॅनालॉग पुरे, फक्त तो आणि होज आर ३२ आणि ४१०ए (नवीन एसीतले गॅस, आर २२ हा जुना) साठीचे आहेत का बघ, या गॅसांचं प्रेशर आर २२ पेक्षा साधारण ६० टक्क्यांनी जास्त असतं त्यामुळे जुन्या माणसाने स्वस्तात दिलेला आर २२ चा सेट घेऊ नको. पोर्टही (होज जोडायचं तोंड) बघून घे, आर २२ च्या मशीनला पाव इंची असतो आणि नवीन स्प्लिटला बहुतेक पाच षोडशांश, अ‍ॅडॉप्टर लागतो.

पण गेजवर व्हॅक्युम बघायचा नाही हां. काटा उणे ३० ला टेकला की लोक पंप बंद करतात, तिथे २०,००० मायक्रॉन (व्हॅक्युम मोजायचं एकक, आकडा कमी तितका व्हॅक्युम चांगला) असले काय आणि ५०० असले काय, काटा तेच दाखवतो. आकडा ५०० च्या खाली नेल्याशिवाय ओल निघाली असं म्हणता येत नाही, आणि पंप बंद करून आकडा किती चढतो ते बघायचं. मॅनिफोल्ड डिजिटल घ्यायच्या पैशात वेगळा मायक्रॉन गेज आणि एक वजनकाटा येत असेल तर मी डोळे झाकून हे दोन घेईन. इन्व्हर्टर मशीनमध्ये गॅस वजनावरच भरायचा, कंप्रेसरचा स्पीड सारखा बदलतो तर नुसतं प्रेशर बघून काय कळणार.

तांब्याचापाइप:
डिजिटलचं एवढं पण वाईट नाही रे, सुपरहीट सबकूलिंग (गॅस बरोबर भरलाय का हे सांगणारे तापमानातले फरक) आपोआप काढून देतो. पण नवीन माणसाने ते आधी हाताने काढावं, एक पाइपला लावायचा टेंपरेचर क्लॅम्प आणि प्रेशर-टेंपरेचर चार्ट एवढ्यावर भागतं.

आणि लिकेज टेस्ट नायट्रोजननेच, रेग्युलेटर लावून. कुणी ऑक्सिजनचा बाटला पुढे केला तर सरळ नाही म्हण, उस्ताद असला तरी. ऑक्सिजन आणि कंप्रेसरचं तेल प्रेशरमध्ये एकत्र आलं की स्फोट होतो, लोक मेलेत असे.

फ्लेअरवाला:
+१. आर ३२ थोडा का होईना पेट घेतो हे पण लक्षात असू दे, ब्रेझिंगचा (तांब्याचे पाइप तापवून जोडायचा) टॉर्च पेटवायच्या आधी लाइनमधला गॅस रिकव्हर झालाय का, म्हणजे बाटल्यात काढून घेतलाय का, आणि नायट्रोजन मारलाय का ते विचारत जा.

नवाहेल्पर:
बरं मग क्लॅम्प मीटर, फ्लेअरिंग सेट, कटर, डीबरर, टॉर्क रेंच. पाने-पक्कड-स्क्रू ड्रायव्हर आहेतच. अजून काही बारीकसारीक?

मायक्रॉन५००:
अ‍ॅलन की चा सेट, सर्व्हिस व्हॉल्व्ह त्यानेच उघडतो, बऱ्याच स्प्लिटला ४ किंवा ५ एमएम लागते. व्हॉल्व्ह कोअर रिमूव्हर (पोर्टच्या आतली पिन काढायचा), साबणाच्या पाण्याची स्प्रे बाटली, डोक्याला लावायचा टॉर्च, सेफ्टी गॉगल आणि ग्लोव्ह्ज, गॅस द्रव असताना हातावर उडाला तर कातडी गोठते. उंचीवर जाणार असशील तर हार्नेस काँट्रॅक्टरकडून माग, तो स्वतःच्या पैशाने घ्यायचा नाही. आणि प्रत्येक टूलवर रंगीत टेप गुंडाळ, साइटवर सगळ्यांची अ‍ॅलन की सारखीच दिसते.