हिपॅटायटिस सी निघाला म्हणून ब्युप्रेनॉर्फिनची गोळी बंद करायची का?

रानवारा

मी मुंबईतल्या एका ओएसटी केंद्रात, म्हणजे अफूजन्य नशेच्या जागी देखरेखीखाली औषध देणाऱ्या केंद्रात, समुपदेशक आहे. ब्राऊन शुगर किंवा त्या जातीची नशा सुईने करणाऱ्यांना आम्ही रोज ब्युप्रेनॉर्फिन हे अफूजन्य औषध देतो. नर्स गोळी कुटून पूड जिभेखाली घालते, ती विरघळेपर्यंत माणूस गिळायचं नाही म्हणून गप्प बसून राहतो, मग तोंड उघडून दाखवतो आणि कामाला जातो. टर्की, म्हणजे नशा न मिळाल्याने होणारा त्रास, होत नाही, त्यामुळे सकाळी उठल्या उठल्या माल शोधत फिरावं लागत नाही.

एक सिरिंज चौघांत फिरली की हिपॅटायटिस सी, म्हणजे रक्तातून पसरणारा यकृताचा विषाणूजन्य आजार, आलाच. आमच्याकडच्या बऱ्याच जणांना तो आहे. मग रक्ततपासणीत एसजीपीटी हे यकृताचं एन्झाइम वाढलेलं दिसतं आणि बाहेरचे एखादे डॉक्टर सांगतात, "लिव्हर बिघडलंय, ती नशेची गोळी आधी थांबवा." घरचे तर वाटच बघत असतात. अलीकडेच आमच्याकडच्या एका रिक्षावाल्याचं असं झालं. एसजीपीटी १३० च्या आसपास, डोळे पांढरेशुभ्र, पोटात पाणी नाही, भूक चांगली. गोळी बंद केली आणि काही दिवसांतच तो पुलाखाली दुसऱ्याची सुई मागत होता.

माझं म्हणणं असं की एवढ्या कारणावरून गोळी थांबवणं हा त्या माणसावर अन्याय आहे, आणि त्याच्या यकृतावरही. वेगळं मत असेल तर मांडा, मला ऐकायचं आहे.

चंद्रमौळी

मी वेगळ्या मताचा आहे. ब्युप्रेनॉर्फिनचं विघटन यकृतातच होतं ना? मग जे यकृत विषाणूने पोखरलंय त्याच्यावर रोज आणखी एक औषध कशासाठी टाकायचं? आधी हिपॅटायटिस बरा करा, मग बाकीचं. आणि स्पष्टच बोलतो, माझा चुलतभाऊ तीन वर्षं ही गोळी घेतोय. सुई सुटली हे मान्य, पण गोळी कुठे सुटली? यकृताच्या निमित्ताने ती सुटत असेल तर घरच्यांना आनंद होणारच. त्यांना दोष देऊ नका.

औषधवाला

चंद्रमौळी, विघटन यकृतात होतं हे बरोबर. पण त्यावरून औषध यकृताला मारतं असं ठरत नाही. अमेरिकेत हजाराहून जास्त रुग्णांना चिठ्ठ्या टाकून ब्युप्रेनॉर्फिन-नॅलोक्सोन ही एकत्र गोळी किंवा ओएसटीतलंच दुसरं औषध मेथाडोन दिलं आणि २४ आठवडे यकृताच्या तपासण्या केल्या. तो अभ्यास २०१३ मध्ये छापून आला. दोन्हींपैकी कोणत्याही औषधाने यकृताला इजा होते असं त्यात दिसलं नाही. ज्यांची एन्झाइम्स वर गेली, त्यांच्यात हिपॅटायटिस बी किंवा सी असलेले जास्त होते. म्हणजे एसजीपीटी वाढवतोय विषाणू, आणि थांबवतोय आपण गोळी.

दुसरी गोष्ट. हिपॅटायटिस सी आहे पण यकृताचं काम नीट चालू आहे, अशा माणसात ब्युप्रेनॉर्फिनची रक्तातली पातळी लक्षात घेण्याइतकी बदलत नाही. डोस बदलायचं कारण नाही.

यकृतवैद्य

औषधवाला यांच्या म्हणण्याला पुढची बाजू जोडायला हवी, कारण माझ्या ओपीडीत वेगळे रुग्ण येतात.

सिरॉसिस होऊन, म्हणजे यकृत कठीण, व्रणांनी भरलेलं होऊन, त्याने हात टेकले की गणित बदलतं. पोटात पाणी, डोळे पिवळे, रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन खाली, अशा अवस्थेत ब्युप्रेनॉर्फिन शरीरातून हळू बाहेर पडतं आणि साठतं. नॅलोक्सोन, म्हणजे अफूजन्य औषधांचा परिणाम उलटवणारं औषध, त्याहून कितीतरी पटीने साठतं, आणि खरी मेख तिथे आहे. निरोगी माणसात जिभेखालचं नॅलोक्सोन रक्तात फारसं पोचत नाही. ते गोळीत घातलेलंच असतं कोणी ती विरघळवून टोचू नये म्हणून. यकृत निकामी झालं की तेच नॅलोक्सोन ब्युप्रेनॉर्फिनचा परिणाम कमी करतं, टर्की सुरू होऊ शकते. म्हणून यकृताच्या गंभीर बिघाडात ही दोन औषधांची जोडगोळी देत नाहीत. एकटं ब्युप्रेनॉर्फिन देता येतं, पण सुरुवातीचा आणि वाढवायचा डोस निम्मा ठेवून, रुग्णावर नजर ठेवून.

शिवाय अफूजन्य औषधांनी बद्धकोष्ठ होतं. सिरॉसिसवाल्याचं पोट दोन दिवस साफ झालं नाही तर तो बरळायला लागतो, तारखा विसरतो, गुंगीत जातो. त्यात नायट्राझेपामच्या झोपेच्या गोळ्या किंवा दारू असली तर श्वासच मंदावतो. मी असे रुग्ण ॲडमिट केलेत. तेव्हा "गोळी कधीच थांबवू नका" असा सरसकट संदेश जाऊ नये, ही कळकळीची विनंती.

रानवारा

यकृतवैद्य, हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं. सरसकट मीही म्हणत नाही. पण आमच्याकडे जे येतात ते बहुतेक पंचविशी-तिशीतले, सिरॉसिस नसलेले. त्यांना तुमच्या वॉर्डातल्या रुग्णाचा नियम लावला जातोय, तक्रार तेवढीच आहे. नॅकोच्या (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या) केंद्रांवर नॅलोक्सोन नसलेली गोळी समोर बसवून दिली जाते, हेही सांगून ठेवते. पंजाबातल्या सरकारी ओओएटी क्लिनिकमध्ये (अफूजन्य नशेवर बाह्यरुग्ण उपचार देणाऱ्या) जोडगोळी चालते, तिथे तुमचा मुद्दा जास्त लागू पडेल.

हिशेबी

मला वेगळाच प्रश्न पडलाय. हिपॅटायटिस सीचं औषध सरकारी पैशातून द्यायचं, आणि माणूस बाहेर जाऊन पुन्हा तीच सुई घेणार. लस नाही, एकदा बरा झालेला पुन्हा बाधित होऊ शकतो. मग सहा महिने नशेपासून लांब राहून दाखव, मग औषध, अशी अट घातली तर त्यात गैर काय? करदात्याने हे विचारायचंच नाही का?

अबोली

विचारा की. पण मग माझंही ऐकून घ्या. माझ्या मुलाला नेमकी हीच अट एका डॉक्टरांनी घातली होती. तो तेव्हा ओएसटीवर होता. त्यांनी ओएसटीलाही नशाच धरलं, म्हणजे गोळी सोडून सहा महिने काढ, मग ये. त्याने प्रयत्न केला. घाम, उलट्या, पायात गोळे, रात्रभर येरझाऱ्या. मी दाराला कडी लावून बाहेर बसले होते. चौथ्या दिवशी तो खिडकीतून गेला. हिपॅटायटिसचं औषध त्याला मिळालं ते पुढे दुसऱ्या ठिकाणी, गोळी चालू असतानाच. तीन महिन्यांत बरा झाला. आधीच दिलं असतं तर मधलं सगळं टळलं असतं. मला राग येतो हो अजून.

औषधवाला

हिशेबी, ही अट इंटरफेरॉन या हिपॅटायटिस सीच्या जुन्या इंजेक्शनच्या काळातली आहे. तेव्हा इंजेक्शनं महिनोन्महिने चालायची, नैराश्य यायचं, गुण निम्म्यांना यायचा. म्हणून डॉक्टर रुग्ण पारखून घ्यायचे, ते समजू शकतो. आता सोफोसबुविर ही हिपॅटायटिस सीची गोळी आलीय. अमेरिकेत २०१३ च्या डिसेंबरात मंजूर झाली तेव्हा १२ आठवड्यांचे ८४,००० डॉलर होते. २०१४ मध्ये भारतीय कंपन्यांना परवाने मिळाले आणि किंमत कुठच्या कुठे उतरली. २८ जुलै २०१८ ला राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाल्यापासून तपासणी आणि औषध सरकारात मोफत आहे. सिरॉसिस नसेल तर सोफोसबुविर आणि डॅक्लाटासविर हे दुसरं औषध, दिवसातून एकदा, १२ आठवडे. ब्युप्रेनॉर्फिनशी त्याचं वैर नाही, मेथाडोनशीही नाही.

आणि "ते लोक गोळ्या नीट घेणार नाहीत" हा समज. २०१८ मध्ये आलेल्या सिम्प्लिफाय अभ्यासात अलीकडेपर्यंत सुई घेणारेच रुग्ण होते. त्यांना सोफोसबुविर-वेलपाटासविर दिलं, ९४ टक्के बरे झाले. जागतिक आरोग्य संघटनाही नशा चालू आहे म्हणून उपचार नाकारू नका असंच सांगते. ऑस्ट्रेलियाने तर मार्च २०१६ पासून अशी कुठलीही अट न ठेवता सरकारी खर्चाने औषध दिलं.

मुंबईकरांसाठी एक जास्तीची सूचना, कारण टीबी इथे घराघरात आहे. रिफाम्पिसिन हे टीबीचं औषध सुरू झालं की ब्युप्रेनॉर्फिन लवकर संपतं आणि माणूस टर्कीत जातो. रिफाम्पिसिन चालू असताना सोफोसबुविरही देत नाहीत. टीबीची काही औषधं यकृतालाही जड. त्यामुळे टीबी, हिपॅटायटिस आणि ओएसटी तीन वेगळ्या खिडक्यांवर चालत असेल तर तिन्ही कागद एका माणसाच्या हातात आलेच पाहिजेत.

हिशेबी

किंमत आणि ९४ टक्क्यांचं उत्तर मिळालं, धन्यवाद. पुन्हा बाधित होण्याचं नाही मिळालं.

रानवारा

त्याचं उत्तर ओएसटीतच आहे. २०१७ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनांचा आढावा घेणाऱ्या संस्थेने जगभरचे अभ्यास एकत्र करून पाहिले. ओएसटीवर असलेल्यांना हिपॅटायटिस सी होण्याचा धोका निम्म्याने कमी होतो, आणि जोडीला नव्या सुया पुरेशा मिळाल्या तर सुमारे ७४ टक्क्यांनी. म्हणजे तुमचे करदात्याचे पैसे वाया जाऊ नयेत असं वाटत असेल, तर हिपॅटायटिसच्या औषधाबरोबर आणि त्यानंतरही ब्युप्रेनॉर्फिन चालू ठेवणं हाच त्यावरचा उपाय. ते बंद करून १२ आठवड्यांचं औषध देणं म्हणजे गळकी टाकी भरत राहणं.

२०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत देशात सुईने नशा करणारे साधारण साडेआठ लाख निघाले. अफूजन्य नशेसाठी मदत हवी असलेले लोक ज्या राज्यांत जास्त आहेत, त्यांत महाराष्ट्र आहे. हा फक्त पंजाबचा किंवा मणिपूरचा प्रश्न समजू नका.

चंद्रमौळी

एवढं वाचल्यावर एक मान्य करतो. नुसत्या एसजीपीटीवरून गोळी बंद करू नये. भावाच्या घरी तसं सांगेन. पण कधीतरी सुटायला हवी या मताला मी चिकटून आहे. कोणीतरी त्याला वर्षातून एकदा तरी विचारावं की आता कमी करून बघायची का. केंद्रावर ते विचारलं जात नाही, असा आमचा अनुभव आहे.

आणि एक विचारायचं होतं. त्याचा हिपॅटायटिसचा कोर्स मागच्या वर्षी पूर्ण झाला. आता एका लॅबने पुन्हा पॉझिटिव्ह दाखवलाय. काकू रडतायत की पुन्हा सुई सुरू केली.

यकृतवैद्य

काकूंना आधी शांत करा. कोणती तपासणी झाली ते कागदावर बघा. अँटी-एचसीव्ही (एचसीव्ही म्हणजे हिपॅटायटिस सीचा विषाणू) असेल तर ती अँटिबॉडीची आहे, म्हणजे शरीराने विषाणूविरुद्ध तयार केलेल्या प्रथिनाची, बरा झालेल्या माणसातही वर्षानुवर्षं पॉझिटिव्ह राहते. विषाणू आहे की नाही हे एचसीव्ही आरएनए सांगतं. कोर्स संपल्यावर १२ आठवड्यांनी तो झाला होता का? त्याचा कागद शोधा, नसेल तर आता करून घ्या, सरकारी उपचार केंद्रात होतो. तोवर त्याच्यावर आरोप नको आणि गोळीही थांबवू नका. हिपॅटायटिस बीची तपासणी झाली नसेल तर तीही बरोबरच करा, निगेटिव्ह आली तर लस द्या.

कमी करण्याचं म्हणाल तर, त्याची स्वतःची तयारी असेल तेव्हाच आणि अगदी हळूहळू. वर्षातून एकदा विचारावं हे मात्र मला पटतं.

चंद्रमौळी

कागदावर अँटी-एचसीव्हीच लिहिलंय. फोन करतो काकूंना.