जेकबची दुनळी आणि तिची गोळी
एकोणिसाव्या शतकात सिंधमध्ये असलेल्या जॉन जेकब या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने स्वतःची दुनळी रायफल बनवली. 'जेकब हा घोडदळाचा अधिकारी, बंदुका ही त्याची फावल्या वेळेतली हौस' असं एक मत आहे, ते मला अर्धंच पटतं. त्या रायफलीच्या नळ्या इंग्लंडात बर्मिंगहॅमला स्विनबर्न या बंदूक कारखानदाराकडे घडत, हे खरं. पण त्यामागचं डोकं जेकबाबादेतलं, म्हणजे सिंधमधल्या त्याच्याच नावाच्या गावातलं. मुळात हा माणूस १८२८ साली मुंबई इलाख्याच्या तोफखान्यात आला, घोडदळ नंतरचं. दारू आणि पल्ला ही त्याची पहिली विद्या, आणि रायफलींचे प्रयोग त्याने वर्षानुवर्षं पदरमोड करून केले. याला नुसती हौस म्हणणं अन्यायाचं वाटतं.

आता त्याच्या गोळीबद्दल. त्याच्या दुनळीच्या प्रत्येक नळीत चार खोल खाचा असत आणि गोळीच्या अंगावर त्यांत बसतील अशा चार कडा. बंदूक तोंडाकडून भरायची, त्यामुळे कडा खाचांना जुळवूनच गोळी आत सारावी लागे. दुसऱ्या प्रकारच्या गोळीच्या टोकात तांब्याची नळी, तिच्यात स्फोटक दारू. आदळली की फुटायची. रोख होता शत्रूच्या तोफखान्याच्या दारूपेट्यांवर! नेमाची पट्टी २००० यार्डांपर्यंत आखलेली. अशा रायफली घेतलेले दोन चांगले नेमबाज दहा मिनिटांत उत्तम तोफखाना संपवतील, असं त्याचं ठाम मत होतं. डिसेंबर १८५८ मध्ये तो गेला. पुढे १८६८ च्या सेंट पीटर्सबर्ग जाहीरनाम्याने ४०० ग्रॅमपेक्षा हलक्या स्फोटक गोळ्या सह्या करणाऱ्या देशांनी आपसातल्या युद्धात वापरायच्या नाहीत असं ठरलं, आणि जेकबची गोळीही त्या वजनाच्या कितीतरी खालची होती.