मदत हवी आहे: चर्चतर्फे माजी सैनिकांसाठी काम सुरू करायचंय, सगळ्या धर्मांचे लोक मोकळेपणानं येतील असं कसं करावं?

टेंबलाईचा फौजी (धागाकर्ता)

नमस्कार. मी मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालो, आता कोल्हापुरातच असतो. आमचं घर तीन पिढ्यांचं ख्रिस्ती, आणि मी चर्चच्या कमिटीवर आहे.

आपल्या जिल्ह्यात माजी सैनिक नाहीत असं गाव शोधावं लागेल. शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीच्या तर नावातच सैनिक आहे. शिपाई चाळिशीच्या आसपास घरी येतो. पुढं सगळं आयुष्य पडलेलं असतं. कुणी शेती बघतो, कुणी सिक्युरिटीला लागतो, आणि काही जण घरात असूनही घरात नसतात. रात्री झोप नाही, बोलायला माणूस नाही, कँटीनची बाटली तेवढी सोबतीला. अशांच्या घरी जाऊन बसायला माणसं हवीत.

दुसरी अडचण कागदांची. पेन्शन 'स्पर्श' या संरक्षण खात्याच्या ऑनलाइन पोर्टलवर गेल्यापासून वयस्कर लोक पार गोंधळलेत. मोबाइल नंबर बदललेला, पासवर्ड आठवत नाही, हयातीचा दाखला राहून गेलेला. 2019 आणि 2021 च्या महापुरात कित्येकांच्या घरातली कागदपत्रं भिजली, त्यात डिस्चार्ज बुकं आणि पीपीओ (पेन्शन मंजुरीचे आदेश) ही गेले. नवी प्रत काढायची तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करा. पंचाहत्तरीच्या माणसाला हे एकट्यानं जमत नाही.

आमच्या चर्चमध्ये आम्ही काही जण माजी सैनिक आहोत. ठरवलंय की आठवड्यातून एक दिवस बसायचं, कागद बघायचे, गरज असेल त्याच्या घरी जायचं. पावसाळ्यात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांच्या इशारा पातळीला आलं, की नदीकाठच्या म्हाताऱ्या जोडप्यांना फोन करून कागदाची पिशवी आणि औषधं आधी बाहेर काढायला सांगायची. 43 फुटांची धोका पातळी गाठेपर्यंत वाट बघायची नाही.

हे मी का करतोय तेही सांगतो. बायबलात लूकच्या शुभवर्तमानात बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाकडे शिपाई येऊन विचारतात, आम्ही काय करावं? तो त्यांना नोकरी सोडायला सांगत नाही. कुणाला लुबाडू नका, खोटा आळ घेऊ नका, पगारात समाधान माना, एवढंच सांगतो. मी वर्दीत होतो तोवर हे उत्तर मला पुरत होतं. आता पगाराची पेन्शन झाली, आणि तोच प्रश्न मी रोज प्रार्थनेत देवापुढं ठेवतो.

आता अडचण. मदत चर्चची म्हटली की काही लोकांच्या मनात धर्मांतराची शंका येणार. त्यांना दोष देत नाही. पण चर्चचं नाव लपवणं मला खोटेपणा वाटतो. पलटणीत मंदिर परेडला मी सगळ्यांबरोबर उभा राहिलो, नाताळला सगळे माझ्याबरोबर. तिथं कधी कुणाला काही वाटलं नाही. मग इथं बसायचं कुठं? नाव काय द्यायचं? प्रार्थना करायची की नाही? नोंदणी लागेल का? अनुभव असेल त्यांनी कृपया सांगावं.

गडहिंग्लजकर

सुभेदार साहेब, जय हिंद. मी हिंदू, सिग्नल्समधून हवालदार निवृत्त. चर्चच्या हॉलमध्ये बसू नका. तुमच्यावर विश्वास नाही म्हणून म्हणत नाही, पण माणूस आत येण्याआधी चार लोक काय म्हणतील याचा विचार करतो आणि परत फिरतो. ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या पॉलिक्लिनिकला लोक औषधाला येतातच. तिथल्या अधिकाऱ्यांची रीतसर परवानगी घेऊन बाहेर एक टेबल मागून बघा. नाव साधं ठेवा, 'माजी सैनिक मदत टेबल'. कुणी विचारलं तर 'आम्ही अमुक चर्चचे' असं स्पष्ट सांगा. न लपवता सांगितलेलं आपल्याकडच्या माणसाला कळतं.

आणि कुणाचा पासवर्ड किंवा ओटीपी स्वतःकडे लिहून ठेवू नका. पेन्शनच्या नावानं फसवणारे फोन खूप येतात. उद्या कुणाचे पैसे गेले तर बोट तुमच्याकडे.

वाचनमात्र

वर्गणी, देणगी घेणार असाल तर धर्मादाय आयुक्त कार्यालयात नोंदणी करूनच घ्या. नुसते अर्ज भरून देणार असाल तर आधी काम सुरू करा.

मिरजेची लेक

दादा, मी पाळकाची मुलगी. तुमचा प्रश्न वाचून बायबलातला कफर्णहूम गावचा शताधिपती, म्हणजे शंभर शिपायांवरचा रोमन अधिकारी, आठवला. तो परक्या सैन्यातला, यहुदी नव्हता. तरी गावचे वडीलधारे येशूकडे त्याची रदबदली करतात, कारण त्यानं त्यांना सभास्थान बांधून दिलेलं असतं. स्वतःच्या नव्हे, शेजाऱ्याच्या देवघरासाठी त्यानं हात लावला. तुमच्या टेबलावर एखाद्या आजोबांचा अर्ज मंजूर झाला आणि ते ज्योतिबाला नारळ फोडायला निघाले, तर तुमच्या मनात आनंदच असला पाहिजे. तो असेल तर बाकीचं जमेल.

आपल्या भागात ही रीत जुनी आहे. मिशनरी वायल्डर 1852 साली कोल्हापुरात आले, मिशनरी डॉक्टर वॉनलेस यांनी 1894 मध्ये मिरजेत दवाखाना उघडला. दवाखान्यात सगळ्या जातिधर्मांचे रोगी आले. प्रार्थना तुम्ही टेबल लावायच्या आधी आपसात करा. समोरच्यानं स्वतःहून मागितली तरच त्याच्यासाठी करा, आणि तीही त्याचा अर्ज भरून झाल्यावर. अर्ज अडकलेला असताना केलेली प्रार्थना त्याला अट वाटू शकते.

कागलची ताई

एक गोष्ट कुणीच लिहिली नाही म्हणून लिहिते. माझे मिस्टर फौजी होते, आता नाहीत. टेबलावर सगळे पुरुष असतील तर माझ्यासारख्या बायका येणार नाहीत. लग्नात नाव बदललेलं, सर्व्हिस रेकॉर्डला एक नाव आणि आधारला दुसरं, त्यामुळं फॅमिली पेन्शन अडकते. प्रतिज्ञापत्र करा, अर्ज करा, परत या, असं चालू राहतं. हे सगळं सांगताना घरातल्या गोष्टी निघतात, कधी रडूही येतं. समोर बाई हवी. माझ्या वेळी सासऱ्यांच्या ओळखीचे एक साहेब आले होते, मन चांगलं होतं त्यांचं, पण ते सगळं सासऱ्यांशीच बोलले. पेन्शन माझी होती.

दुसरं, नवरा जिवंत असतानाच जोडप्याला बोलवा आणि नाव जुळतंय का बघा. पार्ट टू ऑर्डर (लग्न, मुलं यांची सर्व्हिस रेकॉर्डमधली नोंद) झालीय का, जन्मतारीख बरोबर आहे का, जॉइंट खातं आहे का. तो असताना ही दुरुस्ती सोपी असते.

टेंबलाईचा फौजी (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. कागलच्या ताई, तुमचं लिहिणं रविवारी उपासनेनंतर कमिटीत वाचून दाखवलं. आमच्या महिला मंडळातल्या दोन भगिनी टेबलावर बसायला तयार झाल्या. एक निवृत्त नर्स आहेत, दुसऱ्यांनी बँकेत काम केलंय. जोडप्यांची तपासणी आधी, बाकीचे अर्ज नंतर, असा क्रम लावतोय. हवालदार साहेब, परवानगीचा अर्ज उद्याच देतो. प्रार्थनेबद्दल मिरजेच्या लेकीनं जे लिहिलंय तेच आमच्यात ठरलं.

आता एकच विचारतो. नाव जुळवण्यासाठी लागणाऱ्या कागदांची यादी कुणी मराठीत करून ठेवलीय का? मोठ्या अक्षरात छापून प्रत्येकाच्या हातात द्यायची आहे. आणि ताई, पहिल्या आठवड्याला तुम्ही तासभर येऊ शकाल का? कागलहून यायची-जायची सोय आम्ही करू.