मदत हवी आहे : ड्युरॉक जातीचा डुकराचा नर आणावा का?

नमस्कार मंडळी. वेंगुर्ल्याजवळ आमच्या डुकरांच्या सहा माद्या आहेत, सगळ्या लार्ज व्हाइट यॉर्कशायर. नरही त्याच जातीचा. पिल्लं भरपूर होतात, वाढतातही झपाट्याने, पण मांस सुकं लागतं. नाताळात सोरपोतेल (डुकराच्या मांसाचा मसालेदार पदार्थ) करणारी गिऱ्हाइकं हे बोलून दाखवतात तेव्हा फार वाईट वाटतं.

पिल्लांची संख्या मुख्यतः मादीवर ठरते, पण वाढ आणि मांसाचा गुण निम्मा नराकडून येतो. ड्युरॉकच्या मांसात आतली चरबी जास्त, म्हणून ते मऊ. गोव्याची अगोंदा गोवन जात इथल्या दमट हवेची आहे खरी, पण चणीने लहान.

गाभणकाळ ११४ दिवस, पुढे सात-आठ महिने वाढ. पुढच्या नाताळासाठी जानेवारीतच फळवायला हवं. यॉर्कशायर माद्यांवर ड्युरॉक कोणी वापरलाय का? आपल्या उन्हाळ्यात नर थंडावतो का? संकरित माद्या पुढे वेतासाठी ठेवता का? कृपया स्वतःचा अनुभव सांगा.