एनव्हीएमई ड्राईव्ह मिंटमधे मधेच गायब होतो, विंडोजवर ठणठणीत

नारायणपेठी_पेंग्विन
मंडळी मदत करा, डोकं बधिर झालंय. सहा वर्षं जुना लॅपटॉप आहे, हार्डडिस्क रडायला लागली म्हणून मागच्या शनिवारी तापकीर गल्लीतून ५१२ जीबीचा एनव्हीएमई (थेट बोर्डवर बसणारा वेगवान एसएसडी) आणला (कंपनी मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर सगळे त्यावरच भांडत बसतील) आणि मिंट २२ (लिनक्स) टाकलं. इन्स्टॉल सुरळीत झालं. पण लॅपटॉप चालू ठेवून चहाला उठलो की परत येईपर्यंत सगळं गोठलेलं, माउस तेवढा हलतो, काहीही उघडायला गेलं की इनपुट आउटपुट एरर, एकदा तर फाईल सिस्टीम रीड-ओन्ली आहे म्हणाला. रिस्टार्ट केलं तर बायोसला ड्राईव्हच दिसत नाही, पूर्ण बंद करून परत चालू केलं की दिसतो, जसं काही झालंच नाही. काम करत असताना एकदाही झालेलं नाही. दुकानात नेला तर त्यांनी विंडोज लावून दोन तास चालवून दाखवला, वर "लिनक्सचं आम्ही बघत नाही". स्मार्टमधे (ड्राईव्ह स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवतो ती) एकही एरर नाही. बदलून मागू का?

कर्वेनगर_टर्मिनल
बायोसमधे स्टोरेज आरएसटी मोडवर (इंटेलचा खास मोड) असेल, एएचसीआय (साधा मोड) कर. आमच्याकडे तेच होतं.

सिंहगडरोड_रूट
नाही हो, आरएसटी असता तर इन्स्टॉलरला ड्राईव्ह दिसलाच नसता. याला दिसला, इन्स्टॉल झाला, आठवडाभर चाललाही. आणि कुणी ड्युअल बूटवाल्याने हे वाचून थेट मोड बदलू नका, आधी विंडोजला सेफ मोडमधे बूट व्हायला सांगून मग बदला, नाहीतर विंडोज निळा पडदा दाखवेल.

पेंग्विन, रिकामा बसला की जातो ना, मग मला तरी हा झोपेचा प्रकार वाटतो. एनव्हीएमई ड्राईव्हला पीएस० पासून बहुतेक पीएस४ पर्यंत पॉवर स्टेट असतात, खालच्या दोन म्हणजे गाढ झोप. किती वेळ रिकामा राहिला की कुठे जायचं याचं कोष्टक कर्नल (लिनक्सचा गाभा) ड्राईव्हला देतो आणि ड्राईव्ह आपला आपण झोपतो, याला एपीएसटी म्हणतात, लिनक्समधे २०१७ ला ४.११ कर्नलपासून आलं. काही ड्राईव्ह काही बोर्डांवर झोपतात ते उठतच नाहीत. विंडोजचे झोपेचे नियम वेगळे, म्हणून दुकानदार खोटं बोलत नाहीये.

आधी खात्री कर. लॉग डिस्कवर सापडणार नाही, डिस्कच गेलेली असते! टर्मिनलमधे सुडो डीमेसेज -डब्ल्यू (कर्नलचे संदेश येतील तसे दाखवतो) चालू ठेवून चहाला जा, आल्यावर मोबाईलने फोटो काढ. "कंट्रोलर इज डाउन, विल रीसेट" दिसलं तर चोर सापडला. मग बूट होताना ग्रबमधे (सुरुवातीचा बूट मेनू) ई दाब, लिनक्सने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी एनव्हीएमई_कोर.डिफॉल्ट_पीएस_मॅक्स_लेटन्सी_यूएस=० (शून्य म्हणजे ही झोप बंद) जोड आणि एफ१० दाब (इथे देवनागरीत लिहितोय, तिकडे इंग्रजीतच टाकायचंय, अंडरस्कोअर खाऊ नकोस). हे त्या एका बूटपुरतंच असतं त्यामुळे काही बिघडत नाही.

कर्वेनगर_टर्मिनल
५५०० टाक की, शून्याने बॅटरी जाते. सगळीकडे तेच सांगतात.

सिंहगडरोड_रूट
तो आकडा कुणाच्या तरी ड्राईव्हला लागू पडला आणि तेव्हापासून प्रसादासारखा वाटला जातोय. एनव्हीएमई आयडी-सीटीआरएल चालवून खाली प्रत्येक स्टेटपुढचा एक्सलॅट बघा, म्हणजे उठायला लागणारा वेळ, मायक्रोसेकंदात. तुम्ही दिलेल्या आकड्यापेक्षा ज्याचा एक्सलॅट जास्त ती स्टेट कर्नल वापरत नाही. डिफॉल्ट १००००० आहे, म्हणजे जवळजवळ सगळ्यांनाच परवानगी.

नारायणपेठी_पेंग्विन
फोटो मिळाला! कंट्रोलर इज डाउन, शब्दशः. आणि गंमत म्हणजे त्याच ओळींखाली कर्नल स्वतःच विचारतोय की पॉवर सेव्हिंग बिघडलेलं आहे का, आणि हाच पर्याय सुचवतोय, वर पीसीआयई_एएसपीएम=ऑफ (पीसीआयई लिंकची वीजबचत बंद) पण. शून्य टाकून दोन दिवस झाले, एकदाही गेला नाही. माझ्याकडे पीएस३ चा एक्सलॅट १०००० आणि पीएस४ चा ४५००० आहे.

सिंहगडरोड_रूट
मग ५५०० टाकलं असतं तर दोन्ही बंद, म्हणजे शून्यासारखंच झालं असतं. २०००० टाक, पीएस३ राहील, पीएस४ जाईल. इटीसी मधल्या डिफॉल्ट/ग्रब फाईलमधे क्वाएट स्प्लॅशच्या पुढे लिही, सुडो अपडेट-ग्रब कर. एएसपीएमला आत्ता हात लावू नकोस, एका वेळी एकच गोष्ट बदल, नाहीतर कशाने बरं झालं ते कळणार नाही. आणि फर्मवेअर (ड्राईव्हच्या आतलं सॉफ्टवेअर) नवीन आहे का बघ, एफडब्ल्यूयूपीडीवर (लिनक्सचं फर्मवेअर अपडेट टूल) मिळालं तर उत्तम.

नारायणपेठी_पेंग्विन
२०००० वर चार दिवस झाले, चालू आहे. शून्यावर असताना तळहाताखाली गरम लागत होतं तेही कमी झालं. फर्मवेअर आहे पण टूल फक्त विंडोजचं. म्हणजे ज्या दुकानदाराशी वाद घातला त्याच्याकडेच परत जायचं ड्राईव्ह घेऊन 😅

हडपसर_हार्डडिस्क
मला पण सेम प्रॉब्लेम, माझा अडीच इंची साटा (जुन्या प्रकारच्या जोडणीचा) ड्राईव्ह आहे, हेच टाकू का?

सिंहगडरोड_रूट
नको, एपीएसटी फक्त एनव्हीएमईत असतं. साटाची झोप लिंकच्या बाजूने ठरते, आणि निम्म्या वेळा केबलच सैल निघते. नवीन धागा काढा, डीमेसेजसकट.