चर्चा : परदेशी घरकामाला जाणाऱ्या बाईला वयाची अट वाचवते की अडवते?

धागाकर्ती, सातपूर (नाशिक) :
आमच्या गल्लीतली एक बाई आखातातल्या घरकामावरून परत आली आहे. ती गेली तेव्हा तिचे वय २६ आणि शिक्षण सातवीपर्यंत होते. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर परदेशी कामाला जाण्याआधी सरकारी परवानगी घ्यावी लागते, आणि अशा पासपोर्टवर आखातात घरकामाला जाण्यासाठी स्त्रीचे वय किमान ३० असावे लागते आणि २०१६ पासून ही भरती सरकारी संस्थांमार्फतच व्हावी असा नियम आहे. एजंटाने तिला पर्यटक व्हिसावर नेले, त्यामुळे सरकारदरबारी ती कामाला गेल्याची नोंदच झाली नाही. मालकाने पहिल्याच दिवशी पासपोर्ट कपाटात ठेवला. भावाचा फोन नंबर लिहिलेला कागद तिने परकराच्या नेफ्यात शिवून ठेवला होता, तोच शेवटी उपयोगी पडला.

माझे म्हणणे असे की, वयाच्या अटीपेक्षा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २०११ चा घरकामगारांविषयीचा करार क्रमांक १८९ अधिक उपयोगाचा आहे. देश सोडण्याआधी लेखी करार हातात पडणे, आठवड्यातून सलग २४ तासांची सुट्टी मिळणे आणि पासपोर्ट स्वतःजवळ ठेवता येणे, हे त्यात हक्क म्हणून लिहिलेले आहे. भारताने त्याच्या बाजूने मत दिले, पण अनुसमर्थन, म्हणजे तो स्वतःवर बंधनकारक करणारी औपचारिक मान्यता, अजून केलेले नाही.

इंदिरानगरकर :
मी असहमत आहे. आखाती देशांपैकी एकानेही हा करार स्वीकारलेला नाही, मग भारताच्या सहीने तिथल्या मालकाचे कपाट कसे उघडणार? कुवेतने २०१५ मध्ये स्वतःचा कायदा केला, त्यात दिवसाला जास्तीत जास्त १२ तास काम आणि साप्ताहिक सुट्टी दिली, पासपोर्ट ठेवून घेण्यासही मनाई केली. तरी घराच्या उंबऱ्याआड जाऊन पाहणार कोण? वयाची अट अपुरी असेल, पण तिच्यामुळे निदान कोवळ्या मुली तरी थांबतात, आणि ज्या घरात लेक गमावण्याची भीती असते त्या घराला करारातील कलमांपेक्षा ही अट जवळची वाटते.

धागाकर्ती :
थांबतात असे म्हणणे धाडसाचे आहे. नेपाळने बायकांच्या आखातात घरकामाला जाण्यावर बंदी घातली तेव्हा तिथल्या बायका भारतातून पुढे गेल्या, म्हणजे वाट तीच राहिली आणि नोंद मात्र पुसली गेली. याउलट फिलिपिन्सने २०१८ मध्ये एका मोलकरणीचा मृतदेह शीतपेटीत सापडल्यानंतर कुवेतला माणसे पाठवणे थांबवले आणि काही महिन्यांतच पासपोर्ट व मोबाइल बाईकडेच राहील असा करार पदरात पाडून घेतला.

इंदिरानगरकर :
म्हणजे तुमच्याच उदाहरणात आधी बंदी आली आणि मग करार झाला. बंदीशिवाय कुवेत बोलणीला बसले असते का?

धागाकर्ती :
हा मुद्दा मला मान्य करावा लागेल. मात्र ती बंदी समोरच्या सरकारवर दबाव आणण्यासाठी होती. आपली अट केवळ आपल्याच बाईवर लागू होते आणि तिचा फायदा एजंट उठवतो.

देवळालीहून एक वाचक :
दोघांनीही एक गोष्ट सोडली आहे. करार १८९ हा केवळ परदेशी जाणाऱ्या बायकांसाठी नाही, तो स्वीकारल्यास गंगापूर रोडवरच्या सोसायट्यांत धुणीभांडी करणाऱ्या मावशींनाही आठवड्याची सुट्टी आणि कामाचे ठरलेले तास द्यावे लागतील. मावशींनी दोन दिवस खाडा केला तर पगार कापणारे आपण, कुवेतच्या मालकाने शुक्रवारी सुट्टी द्यावी असे कोणत्या तोंडाने म्हणणार? माझ्या मते अनुसमर्थन अडून राहण्यामागे हेही एक कारण असावे, आणि त्याबद्दल बोलायला सोसायटीच्या सभेतही कोणी तयार नसते.

इंदिरानगरकर :
हे मला लागले, कारण आमच्याकडेही खाड्याचे पैसे कापले जातात. तरीसुद्धा परदेशाबाबत माझे मत तेच आहे : दूतावासात मराठी, तेलुगू समजणारे माणूस आणि रात्री सुटका झालेल्या बाईला निवारा, एवढे आधी उभे करा आणि मगच अट काढा.

धागाकर्ती :
निवाऱ्याबाबत आपले एकमत आहे. पण तो उभा राहीपर्यंत जी २६ वर्षांची बाई आजही एजंटाकडे बसली आहे, तिच्या हातात तिला वाचता येईल अशा मराठीत लिहिलेला करार द्यायला कोणती अट आडवी येते, ते सांगा. आमच्या शेजारणीने अरबी कागदावर अंगठा दिला होता, आणि त्यात पगार किती लिहिला होता हे तिला आजतागायत माहीत नाही.