पेलेटची शेगडी किती दिवसांनी आतून साफ करावी? मदत हवी आहे

राम राम मंडळी. औसा तालुक्यातून लिहितोय. घरी डब्याचा स्वयंपाक असतो, म्हणून पंख्याची पेलेट शेगडी घेतली (पेलेट म्हणजे भुसा दाबून केलेल्या जळणाच्या बारीक कांड्या). सकाळी पेटवली की दुपारपर्यंत चालूच.

राख रोज गार झाल्यावर काढतो. तरी हल्ली जाळ पिवळा पडतो, पातेल्याचं बूड काळं होतंय. टॉर्च लावून बघितलं तर तळाच्या जाळीवर राख वितळून काचेसारखे कडक खडे धरलेत, चिमट्यानं उपटावे लागतात. वरच्या कडेची बारीक भोकंही बरीच बुजलीत. धूर जाळायला हवा तिथूनच येते, तेव्हा दुखणं तिथंच असावं.

आमच्याकडं मिळतात ते पेलेट सोयाबीनच्या भुसकटाचे नाहीतर पऱ्हाटीचे. लाकडाच्या चांगल्या पेलेटमध्ये राख १ टक्क्याच्या आसपास, ह्यात कितीतरी जास्त. वर पोटॅशमुळं ती लवकर वितळते. पुस्तिकेत आठवड्यातून एकदा सफाई लिहिलीय, पण ती लाकडाचे पेलेट धरून असणार असं मला वाटतं.

जे भुसकटाचे पेलेट रोज जाळतात त्यांनी सांगावं: खडे रोज काढता का? भोकं तारेच्या ब्रशनं घासली तर मोठी होतील का? पंखा खोलून कधी पुसता? घरात तान्हं लेकरू आहे, धूर कोंडलेला परवडत नाही. दारं-खिडक्या उघड्या ठेवतोच, पण शेगडीच नीट जळायला पाहिजे. लाकडाचे पेलेट लातूरकडं कुणी आणत असेल तर तेही कळवा.